कानाडोळा

आयली कांगासने एकेचाळीस वर्षं पियानो जुळवले.
डुलुथच्या चढावरची घरं, शाळा, दोन चर्च,
आणि बंदराजवळचा एक बार,
जिथे पट्ट्यांखाली दर खेपेला
शेंगदाण्याची टरफलं निघायची.

मग एका दुपारी
अगदी उजव्या टोकाची पट्टी दाबली
तर सूर आलाच नाही,
लाकडावर लाकूड. टक्.
तार तुटली नव्हती.
तिने पुन्हा दाबून पाहिली, मग खालची, मग त्याखालची.
जुळवायची किल्ली फडक्यात गुंडाळली,
त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत,
आणि कारण कुणाला सांगितलं नाही.

पक्षी गेले तेही त्याच सुमाराला.
मागच्या अंगणातला स्प्रूस मुका झाला.
दोष ठेवायला कुणीतरी लागतं.
शेजारच्या हॅल्वर ब्रेकेचं मांजर होतं,
करडं, जाडं, डाव्या कानाला खाच.
कुंपणावरून ती एकदा बोलली,
आणि त्यानंतर बोललीच नाही.
सहा हिवाळे.
आडवं गेलेलं मांजर निदान निघून तरी जातं,
हे आडवंच बसून राहिलं
दोन घरांच्या मधे.

यंदा एप्रिल सरताना नातू आला, एनार.
गॅरेजच्या सावलीत बर्फाचा शेवटचा मळका ढीग होता.
तिच्या फोनमध्ये त्याने ते अॅप घातलं,
पालथ्या बादलीवर फोन ठेवला, म्हणाला,
आता गप्प बस, आजी, हा कानोसा घेईल.

रॉबिन. हो, तो ऐकू येतोय.
ब्लू जे. त्याला कोण चुकवेल!
चिकडी.
मग एक नाव उजळलं, पिवळं:
गोल्डन-क्राउन्ड किंगलेट.
विझलं. उजळलं.
कुठे? ती म्हणाली.
हा काय, ओरडतोय की, एनार म्हणाला,
आणि मग तिच्याकडे बघून
एकदम बुटाची नाडी बांधायला वाकला.

पडद्यावर वरच्या कडेला
बारीक बारीक टाके पडत होते,
तारसप्तकाच्याही वर,
तिच्या शेवटच्या पट्टीच्या पुष्कळ उजवीकडे,
जिथे पियानो संपून भिंत सुरू होते.

तिने दुर्बीण आणली.
फांदीच्या टोकाशी अंगठ्याएवढा जीव,
डोक्यावर हळदीची रेघ.
चोच उघडत होती, मिटत होती,
बंद खिडकीमागून कुणी बोलावं तशी.
म्हणजे तू इथेच होतास.
सगळे हिवाळे.

हॅल्वरने दार उघडलं ते अर्धंच.
काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं
(वाट अठ्ठावीस पावलांची),
पण ऐन वेळी तिने नुसता फोन पुढे केला.
त्याने तो कानाला लावला.
कोण बोलतंय?
कुणी नाही रे. बघायचं आहे. बघ.

दोघं पायरीवर बसली, फोन मधे.
नाव उजळलं. त्याने मान वर केली,
स्प्रूसकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं,
कानामागे तळवा धरला.
मला काही येत नाही ऐकू, तो म्हणाला,
जरा चोरट्या आवाजात.
मलाही नाही, ती म्हणाली.
हे वाक्य तिने आजवर
कुणालाच, अगदी एनारलाही, म्हटलं नव्हतं.

हॅल्वर हसला नाही. थोडा सरकला,
तिला उन्हात जागा झाली.

त्यांच्या पायाशी मांजर झोपलेलं,
म्हातारं, पोट लोंबलेलं,
ज्याने गेल्या दोन वर्षांत
माशीसुद्धा मारली नसेल.
फोनवर नाव पुन्हा पिवळं झालं
आणि त्याच क्षणी,
डोळे मिटलेलेच ठेवून,
त्याचा तो खाचेचा कान
आपोआप वळला
झाडाच्या दिशेने.