बुडख्यावर ठेवलेलं

जानेवारीची शेवटची रात्र.
सरोवर यंदा धड गोठलेलंच नाही.
काठाशी दुधावरच्या सायीएवढा बर्फ,
पुढे काळं पाणी, उघडंच,
दार लावायचं कुणी विसरून गेल्यासारखं.

सापातिसमामा असता तर काठीनं ठोकून म्हणाला असता,
"हा मांजराचं वजन पेलेल. माझं नाही."
आणि तरीही गेला असता.

सप्टेंबरात तो गेला.
भाला शेडमध्ये आडवा टांगलाय:
मधे लोखंडी काटा, दोन्ही अंगांना लाकडाचे ओठ,
वामेला धरून ठेवणारे.
दांडा बारा हात. मुठीजवळ लाकूड काळं पडलंय,
तेवढीच त्याची सही.

बर्फाला भोक पाडून तो गुडघ्यांवर बसायचा,
दांड्यानं खालचा चिखल चाचपायचा,
अंधारात उशीखालची काडेपेटी शोधावी तसा.
पाच निघाल्या की उठायचा.
"अजून आहेत की खाली," कुणी म्हणे.
"म्हणूनच," तो म्हणे.

माणसांशी बोलायचा इंग्रजीत, मोजकं,
शाळेतल्या नन्सनी बोटांवर पट्टी मारमारून शिकवलेलं.
मिकमाव फक्त त्या भोकाशी तोंड नेऊन, खाली.
लहानपणी मला वाटायचं
आमची भाषा मुळात माशांचीच असणार,
आपण ती उसनी आणलेली,
आणि मामा रोज थोडी थोडी परत करतोय.

वामेला आम्ही म्हणतो कात.
आधी घसा उघडायचा, मग जिभेनं झाकण लावायचं.
माझं मनगट मुरगळलं होतं तेव्हा
तिची ओली कातडी त्यानं गुंडाळली.
ती वाळत गेली, आवळत गेली.
चौथ्या दिवशी मी बादली उचलली.

आज फ्रीझरमध्ये एकच वाम,
सुलिआनच्या बायकोनं दिलेली, ऑक्टोबरातली,
मटारच्या पिशवीखाली.
डोकं कापलं. बाकीची बटाट्यांबरोबर शिजते आहे.

टॉर्च घेऊन आम्ही दोघं मागे गेलो,
वादळात पडलेल्या स्प्रूसच्या बुडख्यापाशी.
"हे कोण खाणार?" पिएलनं विचारलं.
"ज्यांनी आपल्याला हिवाळ्यातून इथवर आणलं, ते."
"पण हिवाळा संपलाय कुठे?"
खरंच. सगळ्यात वाईट आठवडे पुढेच असतात.
"अर्ध्याचे आभार अर्ध्यातच मानायचे," मी म्हटलं,
"शेवटी मानले तर तो हिशेब होतो."
हे मी म्हटलं की मामानं, ठाऊक नाही.

"कोल्हा खाईल," पिएल म्हणाला.
"खाऊ दे ना. कोल्ह्याच्या पोटातून जायची
त्यांना काही लाज वाटत नाही."

डोकं ठेवलं, थोडी कातडी, चिमूटभर तंबाखू.
आता बोलायचं होतं.
मामा नेमकं काय म्हणायचा ते कधी नीट ऐकूच आलं नाही,
खाली तोंड करून बोलायचा ना.
त्यातले चार शब्द मला येतात. चारही बोलले.
पाचवा आला तो बहुधा चुकीचा होता.
पिएल हसला,
आणि कुंपणापलीकडचं कुत्रं
भुंकायचं थांबलं.

सकाळी बुडखा चाटूनपुसून स्वच्छ.
भुरभुरल्या हिमात पावलं होती. कोल्ह्याचीच.
पिएलनं आपला बूट शेजारी टेकवून पाहिला,
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
"तो भाला मला पेलेल का?"

आधी बर्फ धरू दे, म्हटलं.
आत येऊन
रात्रीचा उरलेला रस्सा गरम केला.