उंबरठा

वाचनालयाचा उंबरठा गेल्या साली वाढवला,
वीतभर.
मलप्रभेचं पाणी खालच्या फळीपर्यंत चढलं होतं.
इरण्णा बडिगेरनं फणसाचं लाकूड बसवलं,
मजुरी घेतली नाही, चहा मात्र दोनदा मागितला.
आता पाणी आत येत नाही.
फरशी धुतली की आतलं बाहेरही जात नाही,
फडक्यानं टिपून काढावं लागतं.

आज दुसरा उंबरठा.
घटनेचं कलम अकरा : नियम बदलायचा तर निम्मे अधिक एक.
लुमाणा पाटील उठले, "शंभरात साठ करूया.
निम्म्यानं काय हुतंय? एका बैठकीत बांधतील,
दुसरीत मोडतील."
नाव कुणाचं घेतलं नाही.
सगळ्यांनी कलम तीनकडे पाहिलं :
दोन्ही भाषांची पुस्तकं, एकाच उंचीच्या कपाटांत.

आमच्याकडे आकड्याला वास असतो.
रेशनकार्डावर एक लिपी, लग्नपत्रिकेवर दुसरी.
पन्नासच्या वर असलो की आम्ही म्हणतो, मोजा.
खाली गेलो की म्हणतो,
माणसं काय मोजायची असतात?

मागच्या बाकावरून यल्लूबाई,
"पण साठ करायला किती हात लागतात गा?"
पंखा तेवढा बोलत राहिला.
जुन्या कलमानं.
निम्मे अधिक एक.

मी चिटणीस. हात मोजायचं काम माझं.
एकेचाळीस वर.
मग विरोधातले. एकेचाळीस.
पुन्हा मोजले, बोटानं हवेत टोचत.
इरण्णा म्हणाला, "एंबत्तमूरु हेसर अदाव, सर,
त्र्याऐंशी नावं हायत वहीत."
स्वतःला मोजायचं मी विसरलो होतो.

कलम तीन मला वाचवायचं होतं.
आणि कलम सात पुढल्या साली काढून टाकायचं होतं :
बायकांनी गुरुवारीच यावं, चार ते पाच.
त्याला साठ कुठून आणू?

हात वर केला. खांद्यातून कळ आली,
की तसं वाटलं.
साठात बसला नसता असा ठराव,
साठचा.

इतिवृत्तात लिहिलं : बेचाळीस विरुद्ध एकेचाळीस.
शेवटचा हात कुणाचा
हे लिहायला रकाना नाही.

यल्लूबाई निघाल्या. काखेत गुरुवारचं पुस्तक.
दाराशी थांबून त्यांनी निऱ्या उचलल्या,
पाय पूर्वीपेक्षा वीतभर वर घेतला,
आणि माझ्याकडे न बघता
पलीकडे ठेवला.