केळी द्यायची नाही

सुकी नदीच्या अल्याड, पिंजऱ्याच्या दारावर
मीच ठोकलेली पाटी : केळी द्यायची नाही.
चारी बाजूंना कोसभर केळीच केळी,
आणि आत ही दोघं लेमूर,
गळ्यात पांढरी झालर, डोळे हळदीचे,
घड पिकले की नाकपुड्या फुगवून बसतात.
गोड सोसत नाही. दात जातात, पोट बिघडतं.
मी काकडी चिरतो, दुधी, गाजर,
आणि सावद्याच्या बागायतदाराचा मुलगा
म्हणून जरा लाजतो.

मादीला कागदावर नुसता आकडा आहे.
मी तिला उज्जी म्हणतो, आत्याच्या नावानं,
कारण ताटलीत पहिला हात तिचाच.
नर फळीच्या टोकाला थांबतो
तिचं उष्टं उरेपर्यंत.

वर्षातून एकदाच ती हो म्हणते,
तेही पौषात, आमच्याकडे लग्नं निघत नाहीत तेव्हा.
जेवणं झाल्यावर सुरू होऊन
दिवेलागणीला संपून जाणारं काहीतरी.
गेल्या साली नेमका त्या दिवशी मी रावेरात,
पंख्याची मोटार भरून घेत बसलेलो.

इंदवे मॅडमकडे वही आहे.
जगात कुठल्या पिंजऱ्यात कुणाचा कोण, सगळं त्यात.
या दोघांचा पणजोबा एकच निघाला.
"आमच्यात मामाची पोर चालते," मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
लांबून दुसरा नर यायचा होता,
रक्ताचा दाखला, विमानाचा परवाना, सही, पुन्हा सही.
तीन वर्षांनी परवाना आला.
नर तिकडेच वारला होता.
मग म्हणाल्या, राहू द्या, हाच.

केळीचं बरं असतं.
बुंध्याशी मुनवा फुटला, काढला, लावला,
आई तीच, लेक तीच.
बाटलीतली रोपं तर एका आईची लाखभर,
ना नवरा, ना वऱ्हाड.
पण ज्या साली पानांवर पिवळे पट्टे उमटले
आबांनी एक झाड उपटलं, मग ओळ,
मग बांधावर बसून राहिले.
"सारी एकसारखी व्हती रे," म्हणाले, "म्हनून सारी गेली."
त्या संध्याकाळी मला मॅडमची वही वाचता आली.

यंदा मी पौषभर कुठे गेलो नाही.

आखाजीच्या आठवड्यात उज्जीनं
स्वतःच्या कुशीचे केस उपटून खोक्यात अंथरले.
तिच्या मुलखात पिल्लांच्या वेळी कोवळा पाला फुटत असेल.
इथे पारा पंचेचाळीसवर,
गावात माहेरवाशिणी झोक्यावर,
आणि मी तारेवर ओली पोती टाकतोय,
अर्ध्या तासानं पुन्हा, अर्ध्या तासानं पुन्हा.
ती माझ्याकडे बघत नव्हती.
धापा मोजत होतो, माझ्या की तिच्या, कळेना.

पहाटे मॅडमचा फोन.
"किती?"
"तीन."
"तिन्ही?"
"दोन पितायत."
त्या गप्प झाल्या. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.
ही दोघंही भावंडं,
यांच्यासाठी पुन्हा लांबून कुणीतरी,
पुन्हा सही. ते आज नको.

"आणि तिसरं?"
तिसरं मी बांधावरच्या पानात गुंडाळून ठेवलं होतं,
केळीच्या, कोवळ्या, न फाटलेल्या.
पाटी दारावर तशीच होती.
"सांगतो," म्हणालो,
"थांबा जरा, पोती सुकलीत."