बाळगोंडाकाकांचे प्रश्न

पहिला प्रश्न जेवणाच्या सुट्टीत आला,
हाताला अजून कूलंटचा वास:
'मूळ खेळ येगळा आणि तुझा ह्यो येगळा, व्हय?'
मी म्हणाले, मूळ खेळ खाली, काका, हा त्याच्यावर चढतो.
'आसं सांग की. लेथ तेच, जॉ तेवढं बदललं.'
मॉड म्हणजे काय, हे मी दोन वर्षं
चार ओळींत बसवू बघत होते.
त्यांनी चिंधीला हात पुसता पुसता बसवलं.

उद्यमनगरात आमच्या शॉपच्या माळ्यावर
ड्रॉइंगसाठी घेतलेला एक संगणक आहे.
सहानंतर त्यावर माझी राज्यं उगवतात:
यक्षांचं, नागांचं, वेताळांचं,
एक नुसतं धुक्याचं, ज्याला राजा नाही.
काकांच्या निवृत्तीला आठ महिने आहेत.
चष्म्याला दोरी. माउस ते
व्हर्नियर धरावा तसा दोन बोटांत धरतात
आणि क्लिक करण्याआधी श्वास रोखतात.

'यक्षांस्नी पगार किती?'
पगार नाही, ते फक्त खजिना राखतात.
'वॉचमनला पगार न्हाई. बरं हाय तुझं राज्य.'
'वेताळ मारला तर परत उठतोय,
मग मारायचाच कशाला?'
'ही फौज दिवस बुडाल्यावर जेवती.
आधी न्हाई का जेवायची?'
ह्याला मी हसले. ते हसले नाहीत.
फाइलमध्ये एकच आकडा होता, एकोणीसचा सतरा केला.
तेव्हापासून माझे नाग उजेडात जेवतात
आणि, का कोण जाणे,
पहाटेच्या हल्ल्यात कमी मरतात.

'हरल्यावर माणसं कुठं जात्यात?'
कुठं जात नाहीत. आकडा कमी होतो.
'हां,' म्हणाले,
आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा लावला.

गुरुवारी त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं राज्य मांडलं.
नवखे सगळे नदीकाठी बसतात,
काठाला धान्य दुप्पट, मीच तसं ठेवलंय,
वर एक पिवळा बाण उड्या मारत सांगतो, इथं, इथं.
काका बाणाकडं बघत राहिले.
'पाणी कुठवर येतं?'
कसलं पाणी?
'नदीचं. चढतंय किती?'
चढत नाही काका. नदी म्हणजे निळा रंग आहे नुसता.
'चिखलीत आमचीबी नकाशात निळीच हुती.'

मग त्यांनी राजधानी बसवली
कोपऱ्यातल्या उघड्या टेकडीवर,
जिथं मी कुणी बसेल म्हणून काही काढलंच नव्हतं,
एक झाडसुद्धा नाही.
धान्य निम्मं. पाणी खालनं वाहून.
मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा गप्प बसले.
चाळिसाव्या फेरीला ते हरले,
उपासमारीनं, माझ्याच नियमानं.
स्क्रीन काळी झाली तशी काकांनी चष्मा काढला:
'हरलो. पर कोरडं हरलो.'

रात्री मी नदीची फाइल उघडली.
रुंदी होती, खोली होती, मासे होते,
मगरीला तर सहा वेगवेगळे आवाज दिले होते.
चढ नव्हता.
नवी ओळ घातली: चढ, बरोबर,
आणि पुढं काय लिहायचं ते कळेना.

सकाळी मीच खाली गेले.
काका, किती ठेवू?
त्यांनी लेथ बंद केलं.
दाराच्या चौकटीशी जाऊन खडूनं एक रेघ मारली,
बघितली, तळव्यानं पुसली,
चार बोटं वर परत मारली.
'म्हशींची दावी सोडली तवा हितं.'
मग खडू हातातच ठेवून वर बघायला लागले,
चौकटीच्याही वर, पत्र्याकडं.
मी पळत जाऊन टेप आणली,
आणि स्टूल.