एकशेवीस सेकंद

वडगावात, विणकरांच्या गल्लीत
खाली आठ माग, वर माझी खोली.
टेबलावर खानापूरच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर.
डिस्क धडधाकट,
तरी आठवड्यातून दोनदा गोठतो.
लॉग एवढंच सांगतो:
एकशेवीस सेकंद झाले, हा अजून हलला नाही.
कुणामुळे, ते सांगत नाही.

तिथले मॅनेजर हलगेकर फोनवर म्हणाले,
"बगा की हो काय झालंय,
माणसं पासबुक धरून उभी हाईत,
शिपाई तर लिंबू-मिरची बांधूया म्हणतोय."
बघतो, म्हटलं.
नऊ दिवस हेच म्हणतोय.

साडेतीन हजार ओळींचा ड्रायव्हर.
लिहिणारा कोण, कुठला, माहीत नाही.
एका जागी त्यानं शेरा टाकलाय: इथे काळजी घ्या.
कसली, ते लिहायचं राहून गेलंय.

कागदावर बाण काढले.
आधी रांगेचं कुलूप, मग कार्डाचं.
पाटीवर वर कुठली लिपी, खाली कुठली,
यावरून आमच्याकडं डोकी फिरतात.
इथं क्रम ठरला की आधीचा मोठा होत नाही,
नंतरचा लहान होत नाही,
काम पुढं सरकतं, बस.
बाण एकही उलटा नव्हता.
मग अडतंय कुठं?

रात्री दीडला वीज गेली. माग थांबले.
यूपीएसची टिटटिट
अख्ख्या गल्लीची वाटायला लागली.
मालकांचा मल्लप्पा जिना चढून आला,
निपाणीचा तंबाखू मळत,
लॅपटॉपच्या उजेडात माझं तोंड पाहिलं
आणि म्हणाला, "बिडो मारायाऽ, नाळी नोडू."
सोड रे बाबा, उद्या बघ.

सोड.

रीसेटच्या फंक्शनमध्ये
कुलूप मुठीत आवळून
एकजण वाट बघत बसलाय:
चालू कामं संपू देत, मग उठतो.
आणि ती संपल्याची नोंद करायला जो येतो
त्याला हेच कुलूप हवंय.
तो बाहेर उभा, हा आत बसलेला.
दोघंही सभ्य. कुणी कुणाला हाक मारत नाही.
एकशेवीस सेकंद. पुन्हा एकशेवीस.

एक ओळ वर सरकवली.
आधी सोड, मग वाट बघ.

"आतेन?" मल्लप्पानं विचारलं. झालं का?
अजून नाही.
कुलूप सोडून परत आत आल्यावर
खोली तशीच असेल असं धरून चालत नाही.
मधल्या वेळात रांग रिकामी झाली असेल,
कार्डच कुणी उपसून नेलं असेल.
म्हणून आणखी चार ओळी, नुसती विचारपूस:
आहेस ना? तोच ना?

चारला वीज आली. एक माग खडखडला,
मग बाकीचे.
मी मुद्दाम रीसेट सोडत राहिलो,
शंभर, हजार, चार हजार.
मल्लप्पा खुर्चीतच झोपलेला,
तळहातावर तंबाखू तसाच.

सकाळी हलगेकरांना कळवलं.
"काय बदललासा?"
एक ओळ सरकवली, म्हटलं. चार घातल्या.
"पाच ओळींना नऊ दिवस?"
गप्प बसलो.
खाली कुणीतरी तुटलेला धागा शोधत
एवढा एक माग थांबवला होता.