तार बारीक आहे

फोन रात्री सव्वादोनला येतो.
नेहमीचाच आवाज, मुख्य भूमीवरचा, टक्क जागा:
"रेंडल, तुमचं थांबवा. तार भरली."
बाहेर वारा असा, की दाराची कडी
कुणी आत यायला मागतंय तशी वाजते,
आणि मी पायजम्यावर कोट चढवून
पडद्यासमोर बसतो, बटण दाबतो.
टेकडीवर तीन पाती वाऱ्याकडे धार करून
हळूहळू थांबतात,
खेळातून ओढून आणलेल्या पोरासारखी.

ऑर्कनीच्या या टोकाच्या बेटावर माणसं बहात्तर.
मेंढ्या मोजणं आम्ही सोडून दिलंय.
झाड एकच, तेही शाळेच्या भिंतीआड वाकून.
वारा मात्र एवढा, की आजोबा म्हणत,
बाकीच्यांना सगळं वाटून झाल्यावर
देवाने रिकामी पोती इथे झटकली.

पवनचक्की आली तेव्हा सगळं बेट धक्क्यावर.
एकेक पातं आमच्या चर्चहून लांब.
पहिल्या वर्षीच्या पैशातून शाळेला ऊब मिळाली,
दुसऱ्या वर्षी म्हाताऱ्यांसाठी गाडी,
मग दातांच्या डॉक्टरला महिन्यातून एकदा बोटीचं भाडं.
पूर्वी वाळत घातलेल्या चादरींना
संध्याकाळी कोळशाच्या काजळीचा वास यायचा.
तो गेला. कधी गेला, ते लक्षातही आलं नाही.

पण तार बारीक आहे.
समुद्राच्या तळाशी, मनगटाएवढी.
चाळीस वर्षांपूर्वी टाकली ती
आम्हाला वीज द्यायला, आमच्याकडून न्यायला नव्हे.
तेव्हा कुणाला वाटलं होतं
आमच्याकडे देण्यासारखं काही निघेल!

आणि फेब्रुवारीत नऊ दिवस वारा पडला.
समुद्र ताटात ओतलेल्या दुधासारखा,
साय धरेल असा.
धूर सरळ वर. मेंढ्यासुद्धा गोंधळल्या,
कुठल्या बाजूला पाठ करावी कळेना.
त्या नऊ दिवसांत त्याच तारेतून
कुठल्याशा गॅसच्या भट्टीची वीज उलटी आली,
आणि आम्ही चहा केला.
कुणी काही बोललं नाही.

बोलायचंच तर सुरय पक्ष्यांचंही बोलायला हवं.
मे महिन्यात दोन मिळाले, खांबाच्या पायथ्याशी,
एकाचा पंख अजून उघडा.
हिल्डाने वहीत नोंद केली, तारीख घातली.
आणि ते जुनं पातं, तडा गेलेलं, खाणीजवळ पडलंय.
वितळत नाही, कुजत नाही,
न्यायला कुणी येत नाही.
पोरं त्यावरून घसरतात.

तर वादळाच्या रात्री आता मीच घरोघरी फोन लावतो,
तिकडून फोन यायच्या आत:
हीटर लावा, पाणी तापवा, काहीतरी खर्च करा.
लोक खुशीत असतात. ड्रीव्हर तर मध्यरात्री पाव भाजतो.
फक्त थोरा इस्बिस्टर. वय एक्याऐंशी.
खोलीतून उठताना हात आपोआप बटणाकडे जातो तिचा,
दुसऱ्याच्या घरातसुद्धा.

"थोरा, दिवे लाव."
"कशाला? मी अंथरुणात आहे."
"नाहीतर वाया जाईल."
"आणि मी डोळे मिटून दिवे लावले,
तर वाया जाणार नाही?"
यावर मी म्हटलं, हवा काय सुटलीय बघ.
दुसरं काय म्हणणार.

काल मात्र खिडकीतून पाहिलं:
उताराखाली तिच्या गोठ्यात दिवा लागला.
गायी विकून अकरा वर्षं झाली.
एकच बल्ब, पिवळा, जुन्या काळचा,
रिकाम्या दावणीवर जळत.
त्याने काय होणार होतं?
सव्वादोनला फोन आलाच. मी बटण दाबलं.
पाती थांबली, वारा थांबला नाही.

दिवा उजाडेपर्यंत होता.
दुपारी दुकानात भेटली, अंडी घेत होती.
म्हणाली, गोठ्यातला एक कोनाडा
मी विसरूनच गेले होते बघ.
मग पिशवी उचलता उचलता,
"बिल किती येईल रे त्याचं?"