जीव

फुफीच्या फुटक्या मोबाइलवर तुर्कांचा दरबार भरतो,
इशाच्या नमाजानंतर, रोज.
शहजादे बोलतात उर्दू, ओठ हलतात भलतेच.
"ह्यो थोरला," फुफी सांगते, "आई येगळी ह्याची.
आन् त्यो गोरा, त्याला तख्त मिळायचं बघ,
बाकीच्यांचं काय खरं न्हाई."

मी कानस थांबवून ऐकते.
शाही रक्त जमिनीवर सांडायचं नाही म्हणे,
म्हणून तलवार नाही.
रेशमाची दोरी.
जल्लाद मुके असायचे, गोष्ट बाहेर जायला नको.
एका बापाच्या जनाज्यापाठोपाठ
एकोणीस पोरांचे निघाले एकदा.
फुफी मोजते. बोटं पुरत नाहीत.

आमच्यात दोघंच आहेत.
निसारभाई हिशेबाचा, परदेशी पार्सलांचा.
शौकतभाई नक्षीचा, त्यानं वेल कोरली
की वाळल्या लाकडाला पान फुटतं.
अब्बांच्या अंगावरून वारं गेलं, जीभ घेऊन गेलं,
त्या आठवड्यात मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात
दोन डबे यायचे, दोन चुलींवरचे, खिमा एकच.
अब्बा दोन्हीतला एकेक घास घ्यायचे
आणि भिंतीकडं तोंड करायचे.

आता कारखान्याच्या मधोमध प्लायवूड उभं आहे.
भोपळे इकडं, तुणाच्या फळ्या तिकडं.
महिना झाला, कुणाचंच काही बनलं नाही.
पणजोबांच्या आधीचे या गल्लीत तलवारी पाजळायचे.
धार हातातनं गेली, बोलण्यात उरली.

पाटी रंगवायला गजा पेंटर येऊन बसतो,
चहा पितो, विचारतो,
"अँड सन्स लिहू, का अँड ब्रदर्स?"
कुणी बोलत नाही. तो ब्रश पुसून जातो.
तिसरं नाव त्याच्या डोक्यात नाही.
माझ्याही नव्हतं.

परवा बुधगावच्या ताम्हनकर बाईंचा तंबोरा आला.
"आवाज बसलाय हो. जवारी तुमच्या अब्बांची होती."
दोघा भावांनी तो प्लायवूडच्या ह्या अंगानं त्या अंगाला ढकलला,
ढकलत ढकलत माझ्या मांडीवर आला.
सासर सुटलं त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून इथंच बसते,
हाडाच्या भुशात,
"जरा धर गं" एवढ्या नावानं.

घोडी घासली. पुसली. तारा चढवल्या.
मग तारेखाली सरकवला रेशमाचा एक धागा.
जीव म्हणतात त्याला, आमच्यात.
केसाएवढा पुढं गेला तर तार मुकी,
केसाएवढा मागं, तर नुसती करकर.

पलीकडं फुफीच्या दरबारात पडदा हलला.
अंधारात कुणीतरी दोरी ताणून बघत होतं.
मी खरजाला बोट लावलं.

खाटेवर अब्बांचं बोट उचललं:
मागं.
सरकवला.
बोट वरच.
अजून, कणीच्या अर्ध्याएवढा.

आणि खरज उघडला.
प्लायवूड थरथरलं,
दोन्ही अंगांची कुजबुज एकदमच तुटली.
अब्बांनी बोट खाली ठेवलं, डोळे मिटले.

"कुणी लावली रे?" निसारभाई, तिकडनं.
"तूच की," शौकतभाई, इकडनं.
फुफीनं मोबाइलचा आवाज बंद केला
आणि माझ्याकडं बघत राहिली.
मी काही बोलले नाही.
मुकं राहिलं की गोष्ट बाहेर जात नाही, खरंय.
पण तंबोरा अजून वाजत होता,
आणि रविवारी ताम्हनकर बाई यायच्या होत्या,
कान घेऊन.